मोटारीच्या क्लचचे दुखणे : लक्षणे आणि कारणे

गोव्यात सुट्टी घालवून चोर्ला घाटाने बेळगावकडे परतणाऱ्या मोटारींची रविवारी सायंकाळी रांग लागते. जाताना हा घाट उताराचा असतो, त्यामुळे गाडीची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते. पुढे कोठेतरी वळणावर एखादे वाहन बंद पडलेले असते आणि त्यामागची रांग चढावर इंचाइंचाने सरकत असते. त्या रांगेत एक लहान मोटार आहे, तीत पाच माणसे आहेत आणि मागे सामान भरलेले आहे, अशी कल्पना करावी. काही वेळाने काहीतरी करपल्यासारखा उग्र वास येऊ लागतो. मागे बसलेल्या आजीबाई नाकाला पदर लावतात. चालविणारे गृहस्थ खिडकीबाहेर पाहून, "पुढच्या गाडीचा वास असेल," असे सांगून मोकळे होतात. वास त्यांच्याच गाडीचा असतो. रस्ता मोकळा झाल्यावर ते ॲक्सिलरेटर दाबतात; इंजिन मोठ्याने घोंघावते, परंतु गाडी त्या प्रमाणात वेग धरीत नाही.

दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ गॅरेजमध्ये जातात आणि "गाडी ओढत नाही" एवढेच सांगतात. या तीन शब्दांत इंजिनापासून ब्रेकपर्यंतचे दहा रोग सामावलेले आहेत. मिस्त्री प्रामाणिक असला तरी त्याने नेमके काय समजावे? क्लचची तक्रार कधी एका नटाला दोन फेरे दिल्याने दूर होते, तर कधी तीच गाडीचा गिअर बॉक्स खाली उतरविण्यापर्यंत जाते. पहिल्या कामाला काही मिनिटे पुरतात, दुसऱ्याला अख्खा दिवस आणि काही हजार रुपये लागतात. पगारदार माणसाच्या महिन्याच्या हिशेबात हा फरक लहान नव्हे. म्हणून मोटार बाळगणाऱ्याने स्वतः हातात पाना घेतला नाही तरी चालेल, मात्र लक्षणे ओळखून ती नीट शब्दांत सांगता आली पाहिजेत.

मोटारीच्या इंजिनाचा स्वभाव असा की, ते एका किमान वेगाने फिरत राहिले तरच जिवंत राहते. गाडी मात्र चौकात थांबली पाहिजे, पुन्हा निघाली पाहिजे आणि तिचे गिअर बदलता आले पाहिजेत. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांच्यामध्ये हवा तेव्हा जोडता येईल व हवा तेव्हा तोडता येईल असा सांधा म्हणजे क्लच. इंजिनाच्या मागच्या टोकाला एक जड चक्र असते; त्याला फ्लायव्हील म्हणतात. गिअर बॉक्समधून पुढे आलेल्या दांड्यावर एक पातळ तबकडी बसविलेली असते. ती क्लच प्लेट. तिच्या दोन्ही अंगांना घर्षण करणाऱ्या पदार्थाचे अस्तर असते. तिच्या पाठीमागे प्रेशर प्लेट असते आणि तिच्यावर जोरदार स्प्रिंगचा दाब असतो. दोन तळहातांमध्ये एखादी वही घट्ट दाबून धरावी, त्याप्रमाणे फ्लायव्हील व प्रेशर प्लेट मिळून क्लच प्लेटला धरून ठेवतात, आणि तिघे एकजीव होऊन फिरतात.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. पेडल दाबल्याने क्लच लागत नाही, सुटतो. पाय दाबला की केबल किंवा तेलाचा दाब एका फोर्कला ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे सारतो, ते बेअरिंग स्प्रिंगच्या पाकळ्यांवर दाब देते आणि तळहात जरा विलग होतात. पाय उचलला की वही पुन्हा जखडली जाते. एवढे ध्यानात आले म्हणजे क्लचचे जे दोन मुख्य रोग आहेत ते आपोआप समजतात. एका रोगात क्लचला धरवत नाही, दुसऱ्यात सोडवत नाही. एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर दुखणे बळावते, आणि गॅरेजमध्ये हे पुष्कळदा घडते.

प्रथम न धरवण्याचा रोग घेऊ. मिस्त्री याला 'क्लच घसरतो' असे म्हणतात, आणि हा शब्द अगदी नेमका आहे. त्याची पहिली चाहूल वरच्या गिअरमध्ये, चढावर, भरलेल्या गाडीत लागते. याचे कारण असे की वरच्या गिअरमध्ये वेग वाढविताना क्लचवर पडणारा पीळ मोठा असतो आणि तो बराच वेळ टिकतो. सपाट रस्त्यावर एकटा माणूस गाडी चालवीत असेल तर महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. परीक्षा सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात वरचा गिअर टाकून ॲक्सिलरेटर एकदम दाबावा. इंजिनाचा आवाज आधी चढला आणि गाडीचा वेग मागाहून, रेंगाळत आला, तर क्लच घसरत आहे. दुसरी परीक्षा उभ्या गाडीची. समोर कोणी नाही हे पाहून हँडब्रेक पक्का ओढावा, पाय ब्रेकवर ठेवावा, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. निरोगी क्लचने इंजिन तत्काळ बंद पडते. ते आरामात फिरत राहिले तर निदान पक्के. ही परीक्षा एकदाच करावी. खात्रीसाठी पुनःपुन्हा केल्यास होता तो क्लचही जळून जाईल.

आता कारणे. सर्वांत स्वस्त कारण सर्वांत आधी तपासावे. केबलच्या गाडीत पेडल दाबताना आरंभी थोडे अंतर ते सैल जाते, मगच पायाला दाब लागतो. या सैलपणाला फ्री प्ले म्हणतात. पुष्कळ लहान गाड्यांत तो दीड-दोन सेंटिमीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. अस्तर जसजसे झिजते तसतशा स्प्रिंगच्या पाकळ्या बेअरिंगकडे सरकत येतात आणि फ्री प्ले कमी होत जातो. तो अजिबात संपला की पाय पेडलवर नसतानाही पेडल किंचित दाबलेलेच असते, आणि क्लचची पकड ढिली पडते. अशा वेळी केबलचा नट योग्य तेवढा सैल केला की, अस्तर शिल्लक असल्यास, घसरणे थांबते. म्हणून मिस्त्रीने पेडलला हातही न लावता "प्लेट गेली" असे सांगितले तर त्याला नम्रपणे आधी फ्री प्ले दाखवावयास सांगावे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पुष्कळ क्लचांत ही तजवीज आपोआप होते. त्यांत नटाला फिरविण्यासारखे काही राहत नाही.

दुसरे कारण चालकाच्या डाव्या पायात असते. गिअर बदलून झाला तरी पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची खोड अनेकांना असते. पायाचे नुसते वजनसुद्धा पाकळ्यांना थोडे दाबते; अस्तर घासत राहते आणि रिलीज बेअरिंग विनाकारण फिरत राहते. शिकविणाऱ्याने पहिल्या आठवड्यात ही खोड मोडली नाही तर ती पुढे जन्मभर मोडत नाही.

तिसरे कारण तेल. इंजिनाच्या मागच्या टोकाचे किंवा गिअर बॉक्सच्या पुढच्या टोकाचे ऑइल सील गळू लागले की तेल अस्तरावर पोहोचते. तेलकट अस्तर घसरते, शिवाय गाडी निघताना थरथरते. इंजिन व गिअर बॉक्स यांच्या जोडावर खालच्या बाजूस तेलाचे थेंब दिसत असतील आणि ही दोन्ही लक्षणे एकत्र असतील, तर केवळ नवी प्लेट घालून उपयोग नाही; सील न बदलता घातलेली प्लेट पुन्हा भिजणार.

उरते ते अस्तराचे झिजणे. झीज स्वाभाविक आहे. ती किती लवकर व्हावी हे मात्र बरेचसे चालकाच्या हाती असते. घाटातल्या त्या वासाकडे येथे परत जावे लागेल. चढावर रांगेत उभे असताना ब्रेक न लावता क्लच अर्धा सोडून, ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरणे, याला आपल्याकडे 'हाफ क्लच' म्हणतात आणि पुष्कळांना ते कौशल्याचे लक्षण वाटते. त्याची किंमत हिशेबाने पाहू. माणसांसह १,००० किलो वजनाची गाडी सपाटीवर थांबलेली असताना पहिल्या गिअरमध्ये निघून ताशी १० किलोमीटर वेगाला येते, तेव्हा क्लचमध्ये सुमारे ४ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. हीच गाडी बारास एक अशा चढावर हाफ क्लचने तोलून धरली, इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरत असले, तर त्या तबकडीत दर सेकंदाला सव्वादोन किलोज्यूलच्या वर उष्णता ओतली जाते. म्हणजे दर दोन सेकंदांना गाडी एकदा निघाल्याइतकी! मिनिटभर असे उभे राहणे म्हणजे सुमारे ३५ वेळा गाडी नव्याने काढण्यासारखे आहे, आणि या ३५ वेळांच्या मध्ये क्लचला निवण्यास एक क्षणही मिळत नाही. कपड्यांच्या दोन मोठ्या विजेच्या इस्त्र्या बंद डब्यात एकदम चालू ठेवल्या तर जी उष्णता होईल, तीच येथे होते. करपल्याचा वास येतो तो अस्तरातील बांधणीच्या पदार्थाचा. अस्तराचा गुळगुळीत, काचेसारखा थर होतो आणि त्याची पकड कमी होते. वास आल्याबरोबर गाडी बाजूस घेऊन अर्धा तास थांबले तर बऱ्याच वेळा क्लच वाचतो. घरी पोहोचण्याच्या घाईने तसेच रेटले तर बहुधा वाचत नाही. चढावर थांबताना हँडब्रेक आणि न्यूट्रल, हीच रीत.

आता दुसरा रोग : क्लच न सुटणे. याचे लक्षण गिअर टाकताना दिसते. पेडल पूर्ण दाबूनही गिअर सहज पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकर आवाज होतो, किंवा पहिल्या गिअरमध्ये पेडल दाबलेले असतानाही गाडी पुढे सरकू पाहते. परीक्षा अशी : इंजिन मंद चालू ठेवून पेडल तळापर्यंत दाबावे, चार-पाच सेकंद थांबावे, मग रिव्हर्स टाकावा. एवढ्या अवधीत मोकळी झालेली प्लेट थांबावयास हवी. तरीही करकर झाली तर प्लेट पूर्ण सुटलेली नाही. आता इंजिन बंद करून तोच गिअर टाकून पाहावा. बंद इंजिनावर तो लोण्यासारखा पडत असेल तर दोष क्लचचा. तेव्हाही अडत असेल तर क्लचला दोष देऊ नये. गिअरच्या दांड्याची जोडणी किंवा गिअर बॉक्स पाहावा. या एका परीक्षेमुळे पुष्कळांचे पैसे वाचतील.

न सुटण्याची कारणे पहिल्या रोगाच्या नेमकी उलट आहेत. केबल ताणून लांब झाली, तिचे तार तुटू लागले, की फ्री प्ले वाढतो. पाय तळाला टेकतो तरी बेअरिंग पुरेसे पुढे जात नाही. येथे नट आवळावा लागतो. घसरणाऱ्या क्लचचा नट आवळला किंवा न सुटणाऱ्याचा सैल केला तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको. केबल तुटण्यापूर्वी बहुधा सूचना देते : पेडल खरखरीत लागते, मधेच अडकते. अशी केबल लांबच्या प्रवासापूर्वीच बदलावी. ती घाटात तुटली तर पेडल जमिनीवर लोळते आणि गिअर बदलण्याचा मार्गच खुंटतो. अशा वेळी इंजिन बंद करून, पहिला गिअर टाकून, समोर रस्ता मोकळा असल्याची खात्री करून स्टार्टर फिरविला तर गाडी धक्के खात निघते व बाजूस घेता येते; यापेक्षा अधिक साहस करू नये.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचात वरचा मास्टर सिलिंडर आणि खालचा स्लेव्ह सिलिंडर यांच्यामधील नळीत हवा शिरली किंवा गळती झाली की हाच रोग होतो. पेडल मऊ, स्पंजासारखे लागते. दोन-तीन वेळा भराभर पेडल मारल्यावर गिअर पडत असेल, तर दोष या तेलाच्या मार्गात आहे असे समजावे. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक या दोहोंचे तेल एकाच डबीत असते. तेव्हा क्लचसाठी वारंवार तेल घालावे लागत असेल तर प्रश्न केवळ गिअरचा राहिला नाही. ब्रेकचीही तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे. डबीत ब्रेकचेच तेल घालावे. घरात आहे म्हणून इंजिनाचे तेल ओतणाऱ्याची रबरी सीले फुगून दोन्ही यंत्रणा निकामी होतात. ब्रेकचे हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते; कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात हे विसरू नये, आणि दोन वर्षांनी ते बदलावे हे बरे.

पावसाळ्याचा आणखी एक प्रताप आहे. मडगाव-म्हापसा भागातील कित्येक कुटुंबे नोकरीनिमित्त दूर असतात आणि घरची गाडी जून ते सप्टेंबर नुसती उभी असते. दमट हवेने फ्लायव्हीलवर गंज धरतो आणि अस्तर त्याला चिकटून बसते. गणपतीला माणसे घरी येतात, गाडी सुरू करतात, आणि पेडल दाबले तरी क्लच सुटतच नाही. घाबरून गिअर बॉक्स उतरविण्याचा हुकूम देण्यापूर्वी इंजिन चांगले तापू द्यावे. मोकळ्या मैदानात, वर सांगितल्याप्रमाणे पहिल्या गिअरमध्ये गाडी सुरू करून, पेडल तळाशी दाबून ठेवून ॲक्सिलरेटर हलकेच दाबावा व सोडावा. बऱ्याच वेळा खाडकन आवाज होऊन प्लेट सुटते. घरी राहणाऱ्या कोणी महिन्यातून दोनदा गाडी फिरवून आणली असती तर हा प्रसंग आला नसता. परंतु किल्ली शेजाऱ्याकडे देण्यास मन तयार होत नाही, हेही खरे.

आवाजाचे निदान कानाने करावयाचे असते. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. पेडल दाबताच घरघर सुरू होत असेल आणि सोडताच थांबत असेल, तर बहुधा रिलीज बेअरिंग. याच्या उलट, पेडल सोडलेले असताना घरघर आणि दाबताच शांतता, असे असेल तर संशय गिअर बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर जातो, कारण पेडल दाबल्यावर तो दांडा फिरावयाचा थांबतो. पेडल फारच जड झाले असेल तर गंजलेली केबल किंवा कोरडा पडलेला फोर्क पाहावा. पुष्कळ झिजलेली प्लेटही पेडल जड करते. निघताना गाडी थरथरते तेव्हा तेलकट अस्तराइतकेच इंजिनाच्या रबरी मौंटिंगकडेही लक्ष द्यावे. ती ढिली असतील तर निर्दोष क्लचलाही दोष लागतो.

अलीकडे स्वयंचलित म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गाड्यांत पेडल नसते, तरी क्लच असतोच. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ ही गाडी अशा रचनेसह आपल्याकडे आली, आणि त्यानंतर ती रचना अनेक स्वस्त गाड्यांत दिसू लागली. तीत गिअर व क्लच नेहमीचेच असतात. ते यंत्राच्या हाताने चालतात एवढेच. अशी गाडी चढावर ॲक्सिलरेटरवर तोलून धरणारा मनुष्य नकळत हाफ क्लचच करीत असतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींत मात्र हे प्रकरणच नाही.

शेवटी गिअर बॉक्स उतरवावाच लागला तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकदम बदलावीत. मजुरीच मोठी असते; दोनशे-चारशे रुपये वाचविण्यासाठी जुने बेअरिंग ठेवले आणि ते सहा महिन्यांनी ओरडू लागले तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. तेलाची सीले त्याच वेळी पाहावीत, फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा चिरा आहेत का तेही पाहावे. काम चालू असता मिस्त्रीला हवेच्या नळीने आतली धूळ उडवू देऊ नये. पूर्वी या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरीत. जुन्या गाडीत ते असण्याचा संभव आहे, आणि त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर तिचे परिणाम कित्येक वर्षांनी प्राणघातक ठरतात. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. गॅरेजमध्ये हाताखाली काम करणारी बारा-चौदा वर्षांची पोरे दिसतात. वास्तविक त्यांची जागा शाळेत, पण ती तेथे असतील तर निदान त्या धुळीपासून तरी दूर ठेवावीत.

आणि जुनी प्लेट मागून घ्यावी. ती भंगारात जाण्यापूर्वी हातात धरून पाहिली तर सर्व हकिगत सांगते. अस्तर सर्वत्र सारखे झिजून रिव्हेटपाशी आले असेल तर प्लेटने आपले आयुष्य पुरे केले, कोणाचा दोष नाही. अस्तर जाड आहे पण काळे, चकचकीत, करपलेले आहे, तर हाफ क्लच. तेलाने भिजलेले, तर सील. एकाच बाजूने झिजलेले, तर दांड्यावर प्लेट अडकत होती किंवा बसवताना वाकली. मधल्या लहान स्प्रिंगा सैल होऊन खुळखुळत असतील तर क्लच नेहमी झटक्याने सोडला जात होता असा तर्क करावा. हे सर्व पाहून झाल्यावर नवी प्लेट घातलेली गाडी पहिले काही शे किलोमीटर बेताने चालवावी, घाटात व पूर्ण भाराने लगेच नेऊ नये. आणि केबलची गाडी असल्यास महिन्याभराने फ्री प्ले पुन्हा एकदा मोजून घ्यावा, कारण नवे अस्तर बसताना तो हटकून बदलतो.